तांबडा घोडा आणि त्याचे डोळे

तांबड्या घोड्याच्या अंगावर काळा केस नसतो. अंग तांबडे, आयाळ तांबडी, शेपूट तांबडी आणि गुडघ्याखालचे पायही तांबडेच. कपाळावर पांढरा टिळा किंवा पायांत पांढरे मोजे असले, तर तेवढाच अपवाद. रेसकोर्सवर आणि स्टड फार्ममध्ये या रंगाला चेस्टनट म्हणतात. घोडेबाजारात लाल, तांबडा किंवा सुरंग. कुमाईत घोडाही अंगाने इतकाच तांबूस असू शकतो, पण त्याची आयाळ, शेपूट, कानांच्या कडा आणि पायांचा खालचा भाग काळा असतो. त्यामुळे घोडा तांबडा की कुमाईत हे ठरवायचे, तर अंगापेक्षा आयाळ आणि पाय आधी पाहावेत.

या एका रंगात छटा मात्र पुष्कळ. काही घोडे जवळजवळ वाळक्या गवताच्या रंगाचे, बहुतेक तांबूस-तपकिरी, आणि काही इतके गर्द चॉकलेटी की सावलीत काळेच वाटावेत. या शेवटच्या प्रकाराला लिव्हर चेस्टनट म्हणतात. अशा घोड्याला उन्हात आणून पायाच्या नळीवरचे केस बोटांनी विलग केले की मुळाशी तांबूस झाक दिसते आणि शंका फिटते. ऋतूप्रमाणेही छटा बदलते. हिवाळ्याचा दाट केस वेगळा दिसतो, उन्हाळ्याचा आखूड तुकतुकीत केस वेगळा. घाम, खारी हवा आणि रोजचे ऊन यांनी आयाळीची टोके फिकी पडतात. आहारात तांबे कमी पडले तरी केसांची रया जाते. म्हणून नुसत्या छटेवरून वंशाविषयी काही ठरवणे धोक्याचे.

केसांना रंग देणारी द्रव्ये मुळात दोनच आहेत: काळे-तपकिरी युमेलॅनिन आणि तांबडे-पिवळे फिओमेलॅनिन. दोन्ही एकाच प्रकारच्या पेशी तयार करतात. केसाच्या मुळाशी बसलेल्या या रंगपेशींच्या पृष्ठभागावर एमसी१आर नावाचे एक प्रथिन असते. शरीरातले संप्रेरक त्याला येऊन चिकटले की पेशी काळे द्रव्य बनवू लागते. चिकटण्याची सोय बिघडली, तर पेशी तांबड्या द्रव्यावरच थांबते. दारावरची घंटा बंद पडली की बाहेरचा माणूस कितीही बटण दाबो, आत कोणी उठत नाही. तसाच हा प्रकार. १९९६ साली स्वीडनमधील संशोधकांनी तांबड्या घोड्यांतला हा बिघाड नेमका शोधला. या प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते आणि त्यामुळे प्रथिनातल्या ८३व्या जागी सेरीनऐवजी फेनिलॲलॅनिन येते. एवढ्या फरकाने अख्ख्या जनावराचा रंग ठरतो.

हा बदल अप्रभावी आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तरच शिंगरू तांबडे होते. एक प्रत चांगली असली तर ती दुसरीला झाकून टाकते आणि घोडा कुमाईत किंवा काळा दिसतो. काळे आईबाप आणि पोटी तांबडे शिंगरू, हे पाहून पूर्वी वळूविषयी संशय घेतला जाई. त्यात नवल काहीच नाही. दोघेही बिघडलेली प्रत लपवून असतील, तर सरासरी चारांत एक शिंगरू तांबडे निघते. उलट दोन तांबड्या घोड्यांना काळे किंवा कुमाईत शिंगरू कधीच होत नाही, कारण चांगली प्रत दोघांकडेही नसते. घोड्यांच्या पैदाशीत इतका पक्का नियम विरळाच. ऑस्ट्रिया-इटलीच्या डोंगरांतले हाफ्लिंगर आणि इंग्लंडचे सफक पंच या जाती पूर्णपणे तांबड्या राहिल्या त्या याच नियमामुळे. आजचे सगळे सफक पंच १७६८ साली जन्मलेल्या एका तांबड्या वळूपर्यंत जाऊन पोचतात, तर हाफ्लिंगरांचा मूळपुरुष १८७४ साली जन्मला.

काळा आणि कुमाईत यांतला फरक अगूती नावाचे दुसरे जनुक करते. काळे द्रव्य अंगभर पसरायचे की फक्त आयाळ, शेपूट आणि पायांपुरते राहायचे, हे ते ठरवते. तांबड्या घोड्यात काळे द्रव्य केसांत नसतेच, म्हणून या जनुकाची कोणती प्रत त्याच्याकडे आहे ते बाहेरून कळत नाही. काळ्या घोडीला तांबडा वळू दाखवला तर शिंगरू काळे होईल की कुमाईत, हे वळूचा रंग पाहून सांगता येत नाही ते त्यामुळेच. वरवर सर्वांत साधा दिसणारा हा रंग बरेच काही पोटात ठेवून असतो. त्यातले काही त्याच्या डोळ्यांतून बाहेर पडते.

घोड्याचा डोळा जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांतल्या सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी आहे. जवळून पाहिले तर बाहुली गोल नसून आडवी, लांबट दिसते. तिच्या वरच्या काठावर काळपट, शेवाळासारखे खडबडीत गोळे लोंबतात. प्रथमच पाहणाऱ्याला ते रोगाचे लक्षण वाटते, पण ते निरोगी घोड्याच्या डोळ्यात असायचेच. भर उन्हात ते बाहुलीवर सावली धरतात. त्यांच्याभोवतीचा रंगीत पडदा म्हणजे बुबुळ. त्याचे दोन थर असतात. मागचा थर जवळजवळ नेहमीच काळाकुट्ट, तर पुढच्या थरातल्या रंगपेशी किती भरलेल्या आहेत त्यावर डोळ्याचा रंग ठरतो. पुढचा थर गच्च भरला असेल तर डोळा गडद तपकिरी, अर्धामुर्धा भरला असेल तर मधाळ किंवा घारा, आणि रिकामा असेल तर निळा दिसतो. निळ्या डोळ्यात निळे द्रव्य मुळीच नसते. रिकाम्या थरातून जाताना प्रकाशातले निळे किरण अधिक विखुरतात आणि मागच्या काळ्या थरासमोर तो निळेपणा उठून दिसतो.

तांबड्या घोड्याचे डोळे मात्र गडद तपकिरीच असतात. केसांतले काळे द्रव्य गेले तर डोळ्यातलेही जायला हवे, असा तर्क कोणीही करील. तसे होत नाही, कारण एमसी१आरची सत्ता मुख्यतः केसांच्या मुळांपुरती चालते. घोड्याची कातडी आणि बुबुळ यांना काळे द्रव्य बनवण्यासाठी त्याच्या परवानगीची गरज पडत नाही. तांबड्या घोड्याच्या नाकपुडीजवळची किंवा पापण्यांची कातडी पाहिली तर ती काळपटच असते. काही तांबडी शिंगरे गुलाबट कातडी घेऊन जन्मतात, पण ती लवकरच गडद होते. शिंगरांचे डोळेही जन्मतः निळसर-राखी असू शकतात; थोड्या आठवड्यांत त्यांत तपकिरी रंग भरतो. त्यामुळे नवजात शिंगराच्या डोळ्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये.

माणसांतही ही दोन खाती वेगळीच आहेत. युरोपातल्या लोकांचे तांबडे केस याच एमसी१आरच्या बिघाडातून येतात, तर डोळ्यांचा निळा-घारा रंग मुख्यतः ओसीए२ आणि त्याच्या शेजारच्या जनुकावर ठरतो. कोकणातल्या घाऱ्या डोळ्यांच्या माणसांचे केस काळेभोर असतातच की.

मग तांबड्या घोड्याचा डोळा घारा किंवा निळा दिसला, तर त्याचा अर्थ सरळ आहे: तांबडा रंग देणाऱ्या जनुकाखेरीज आणखी एखादे जनुक तिथे काम करते आहे. ते कोणते, हे बाकीच्या खुणा पाहून बरेचसे ओळखता येते.

पहिला संशयित क्रीम. २००३ साली फ्रेंच संशोधकांनी ओळखलेला हा बदल एसएलसी४५ए२ या जनुकात आहे. त्याची एक प्रत तांबड्या घोड्यात आली की अंग सोनेरी होते आणि आयाळ-शेपूट पांढरट. हाच पालोमिनो. त्याचे डोळे बहुधा तपकिरीच राहतात, फार तर थोडे फिके. दोन प्रती आल्या की चित्र पालटते. केस साईच्या रंगाचे, कातडी गुलाबी आणि डोळे फिकट निळे होतात. त्याला क्रेमेलो म्हणतात. अशा घोड्याला लोक सर्रास अल्बिनो म्हणून मोकळे होतात, पण ते चूक आहे. त्याच्या केसांत आणि डोळ्यांत थोडे रंगद्रव्य शिल्लक असते. दोन पालोमिनोंच्या मीलनातून सरासरी निम्मी शिंगरे पालोमिनो, पाव तांबडी आणि पाव क्रेमेलो होतात. तांबडी घोडी आणि क्रेमेलो वळू यांची मात्र सगळीच शिंगरे पालोमिनो, एकही अपवाद नाही. आपल्याकडच्या बाजारांत नुकरा म्हणून विकल्या जाणाऱ्या शुभ्र घोड्यांपैकी ज्यांची कातडी गुलाबी आणि डोळे निळसर असतात, ते या दुहेरी क्रीमच्या वर्णनात चपखल बसतात. काळ्याभोर डोळ्यांचा, गुलाबी कातडीचा शुभ्र घोडा वेगळ्या जनुकाचा असू शकतो. बाजारात मात्र दोन्ही नुकरेच.

दुसरा शॅम्पेन. अमेरिकी जातींत आढळणारा हा बदल २००८ साली सापडला. तांबड्या अंगावर तो सोनेरी झळाळी आणतो आणि लांबून पाहिले तर घोडा थेट पालोमिनो वाटतो. फरक डोळ्यांत आणि कातडीत. शॅम्पेन शिंगरू निळ्याशार डोळ्यांनी जन्मते. पुढे तेच डोळे हिरवट होतात आणि मोठेपणी मधाळ किंवा घारे होऊन थांबतात. कातडी गुलाबी राहते आणि वयाबरोबर तिच्यावर, विशेषतः तोंडाभोवती आणि शेपटीखाली, बारीक काळे ठिपके उमटतात. दोन घोडे शेजारी उभे केले आणि दोघांचे अंग हुबेहूब सोनेरी असले, तर खरेदीदाराने आधी डोळ्यांत पाहावे.

तिसरा प्रकार सर्वांत चमत्कारिक. प्वेर्तो रिकोच्या पासो फिनो जातीत काही घोड्यांचे डोळे वाघासारखे पिवळे, अंबर किंवा केशरी असतात, आणि अंगाच्या रंगावर त्याचा काडीइतकाही परिणाम दिसत नाही. त्यांना टायगर आय असेच नाव पडले आहे. २०१७ साली त्याचे कारण एसएलसी२४ए५ या जनुकात सापडले. अंगाचा आणि डोळ्याचा रंग वेगवेगळ्या हातांत असतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण. तांबड्या घोड्यात बदललेले जनुक केसांवर काम करते आणि डोळा सोडून देते. इथे नेमके उलट होते.

चौथे कारण रंगाचे नसून रंगाच्या अभावाचे आहे, आणि आपल्याकडे निळा डोळा दिसतो तो बहुधा यातून. गर्भात रंगपेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून अंगभर पसरत जातात. कपाळ, नाक आणि खूर ही त्यांच्या प्रवासाची शेवटची ठिकाणे. तिथवर त्या पोचल्या नाहीत, तर तेवढा भाग पांढरा राहतो. कपाळावरचा टिळा, नाकावरचा पट्टा, पायांतले मोजे हे सगळे अशा अर्ध्यावर थांबलेल्या प्रवासाचे अवशेष. पांढरेपणा फार पसरून डोळ्यांपर्यंत गेला, की बुबुळाच्या पुढच्या थरालाही रंगपेशी मिळत नाहीत आणि डोळा निळा होतो. कधी एकच डोळा निळा, कधी अर्धेच बुबुळ. स्प्लॅश्ड व्हाइट नावाच्या नमुन्यात हे फार दिसते. त्याची पहिली कारणे २०१२ साली एमआयटीएफ आणि पॅक्स३ या जनुकांत सापडली. या नमुन्याच्या काही घोड्यांना ऐकू येत नाही, कारण आतल्या कानालाही याच रंगपेशी लागतात.

पांढऱ्या खुणांचे आणि तांबड्या रंगाचे एक खास नाते आहे. एकाच वंशातले कुमाईत आणि तांबडे घोडे ताडून पाहिले, तर तांबड्यांवर पांढरे अधिक आढळते. अरबी घोड्यांवरच्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसले. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला घोडा शुभ मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ज्याला पंचकल्याणीच हवा, त्याला तो तांबड्यांत मिळण्याचा संभव थोडा जास्त.

डोळ्यांशी संबंधित आणखी एक जनुक तांबड्या घोड्यात पूर्णपणे लपून बसते. सिल्व्हर नावाचा हा बदल फक्त काळे द्रव्य फिके करतो. काळ्या घोड्याची आयाळ त्याने रुपेरी होते. तांबड्यात काळे केसच नसल्यामुळे बाहेरून काही कळत नाही. पण याच बदलाबरोबर डोळ्यांचे जन्मजात दोष येतात: बुबुळामागे पाण्याच्या गाठी, आणि दोन प्रती असतील तर पारपटलाचा भलताच फुगवटा. म्हणजे ज्याच्या रंगावर काडीचाही परिणाम दिसत नाही, त्या तांबड्या घोड्याची नजर या जनुकाने बिघडलेली असू शकते. रॉकी माउंटन हॉर्स या अमेरिकी जातीत हा प्रश्न नीट अभ्यासला गेला आहे.

करड्या होणाऱ्या घोड्याची गोष्ट याच्या उलट. ग्रे जनुक असलेले शिंगरू अगदी तांबडे जन्मू शकते. काही महिन्यांत त्याच्या डोळ्यांभोवती पांढऱ्या केसांचा चष्मा उमटतो, आणि मग दरवर्षी पांढरे वाढत जाऊन घोडा सब्जा आणि शेवटी शुभ्र होतो. डोळे आणि कातडी मात्र काळीच राहतात. हा बदल २००८ साली ओळखला गेला. त्यात जनुकाचा एक तुकडा दोनदा लिहिला गेलेला असतो, आणि अशा घोड्यांना उतारवयात कातडीखाली काळ्या गाठी होण्याचे प्रमाण मोठे आहे. शिंगरू पाहून तांबडा घोडा घेतला आणि पाच-सहा वर्षांनी दारात पांढरा उभा, असे होते ते यामुळे. ज्याला हे टाळायचे आहे त्याने शिंगराच्या पापण्यांभोवतीचे केस उन्हात निरखावेत.

एवढे होऊनही तांबड्या घोड्याच्या एका साध्या खुणेचे कारण अजून पक्के सापडलेले नाही: अंग तांबडे आणि आयाळ-शेपूट पिवळट पांढरी. इंग्रजीत या आयाळीला फ्लॅक्सन म्हणतात आणि हाफ्लिंगर जातीत ती सरसकट असते. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या 'अभिधानचिंतामणि' या कोशात घोड्यांच्या रंगांची लांबलचक यादी दिली आहे. तीत कियाह म्हणजे लाल घोडा, त्रियूह म्हणजे कपिल रंगाचा, आणि त्याच कपिल घोड्याची आयाळ-शेपूट फिकी असली तर तो वोल्लाह. ही नावे संस्कृत वळणाची नाहीत. परदेशी घोडेव्यापाऱ्यांच्या तोंडची ती कोशात येऊन बसली, असे अभ्यासक मानतात. व्यापाऱ्याला रंगातला हा भेद पैशांत मोजायचा होता, म्हणून त्याला स्वतंत्र नाव होते. अकबराच्या लष्करातही घोड्याला डाग देऊन त्याचा रंग आणि खुणा चेहरापटात नोंदवल्या जात, म्हणजे हजेरीच्या वेळी चांगला घोडा बदलून तट्टू उभे करता येऊ नये.

परदेशी व्यापाऱ्यांचे घोडे दक्षिणेत येत ते मुख्यतः समुद्रावरून, आणि कोकण किनाऱ्याचा घोड्याशी संबंध आला तो त्यातूनच. मार्को पोलोने ठाण्याच्या राजाची एक गंमत लिहून ठेवली आहे. समुद्री चाच्यांशी त्याचा करारच होता: लूट तुमची, पण जहाजावरचे घोडे आमचे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला आणि बऱ्याच खटपटीनंतर परत दिला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो अरबी घोड्यांच्या व्यापारावर हात ठेवण्यासाठीही. विजयनगर आणि विजापूर या दोघांनाही तिथूनच घोडे घ्यावे लागत. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडच्या या बंदरात हा व्यापार चालत होता. अरबी रक्तात तांबडा रंग मुबलक आहे, कुमाईत आणि करडाही. क्रीम मात्र नाही. तेव्हा या वाटेने आलेल्या खऱ्या अरबी तांबड्यांचे डोळे काळेभोर असणार, आणि एखादा निळा असलाच तर तो तोंडावरच्या पांढऱ्या पट्ट्यामुळे.

घोडे किनाऱ्याला लागले तरी किनाऱ्यावर टिकले नाहीत. ते घाट चढून देशावर गेले. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातला पाऊस, जांभ्याच्या अरुंद पाखाड्या आणि सततचा ओलावा घोड्याला मानवत नाही. ओल्या जमिनीत खुराच्या तळव्याला कूज लागते, पाठीवर पावसाळी खपल्या धरतात, आणि गोमाशांमार्फत पसरणारा सर्रा हा रोग घोड्याच्या जिवावर बेततो. मराठ्यांच्या घोडदळाला तट्टे पुरवली ती भीमेच्या खोऱ्याने, आणि भीमथडी ही जात तिथेच घडली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मुलखात दबदबा गलबतांचा होता. आजही या जिल्ह्यात घोडा दिसतो तो पर्यटकांपुरता किंवा वरातीपुरता, नाहीतर सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांत. जिवंत घोड्यांचा रंगीबेरंगी बाजार पाहायचा तर नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला जावे लागते. तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या त्या यात्रेत रंग, टिळे आणि अंगावरचे भोवरे पाहून किंमत ठरते. निळा डोळा काहींना अपशकुनी वाटतो आणि काही त्यासाठीच जादा पैसे मोजतात. दोन्ही समजुतींना आधार नाही. निळ्या डोळ्याने घोड्याला कमी दिसते असेही नाही; प्रखर उन्हात तो थोडा डोळे बारीक करतो, इतकेच. तांबडी घोडी तापट असते, हा जगभर पसरलेला समजही असाच. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तांबड्या आणि कुमाईत घोड्यांची वागणूक तपासली. तांबडे अनोळखी वस्तूकडे जरा धिटाईने जातात असे दिसले, पण त्रासदायक वागण्यात फरक आढळला नाही.

बाजारात फसवणूक होते ती पांढऱ्या खुणांबाबत. केसांना कलप लावून नको असलेला टिळा झाकता येतो, आणि रंग उडवून नवा टिळा पाडताही येतो. केस रंगवता येतात, कातडी नाही. खऱ्या पांढऱ्या खुणेखाली ती गुलाबी असते, बनावटीखाली काळी. अंग ओले करून केस विलग केले की खरेखोटे बाहेर पडते. याहून पक्की खातरजमा हवी तर आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवायचे. मुळाशी चिकटलेल्या पेशींतून तांबड्याची, अगूतीची, क्रीमची, सिल्व्हरची प्रत आहे की नाही ते कळते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस इथली पशुजनुकशास्त्र प्रयोगशाळा अशा चाचण्या नेहमी करते. कात्रीने कापलेले केस उपयोगाचे नाहीत.

फिक्या डोळ्यांच्या आणि गुलाबी पापण्यांच्या घोड्याला खरी काळजी लागते ती उन्हाची. पापण्यांत आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीत काळे द्रव्य नसले, तर अतिनील किरण थेट पेशींवर पडतात आणि तिथे कर्करोगाची गाठ होण्याचा धोका वाढतो. गडद डोळ्यांचे तांबडेही सगळेच सुरक्षित असतात असे नाही. हाफ्लिंगर जातीत पारपटलाच्या काठावर होणाऱ्या अशा गाठींचे कारण २०१७ साली डीडीबी२ या जनुकात सापडले. उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्त करण्याचे काम त्यात अडते. पांढऱ्या पायांच्या कातडीचे दुखणेही याच प्रकारचे. घाणेरी खाल्लेल्या गुरांची कातडी पांढऱ्या भागावरच सोलून निघते, हे कोकणातल्या शेतकऱ्याला ठाऊक असते. रंगद्रव्याचे संरक्षण नाही तिथेच ऊन बाधते.

किनाऱ्यावर हा धोका अधिक. वाळू आणि पाणी ऊन परत वर फेकतात, आणि पर्यटकांच्या सवारीचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्याचा, म्हणजे नेमका स्वच्छ उन्हाचा. अशा ठिकाणी क्रेमेलो, नुकरा किंवा तोंडावर रुंद पांढरा पट्टा असलेला घोडा ठेवायचा, तर दुपारी त्याला सावलीत बांधावे, डोळ्यांवर बारीक जाळीची झापड लावावी आणि नाकपुडीच्या गुलाबी कातडीला ऊन लागू देऊ नये. डोळ्यातून सतत पाणी येणे, आतल्या कोपऱ्यात लालसर खडबडीत उंचवटा दिसणे, पापणीच्या कडेची जखम न भरणे ही लक्षणे दिसली की पशुवैद्याला दाखवावे. गाठ लहान असताना ती काढता येते आणि डोळा वाचतो. उशीर झाला तर बहुधा डोळाच काढावा लागतो.